खाऱ्या पाण्यातली खुरपणी

हिंगोलीत माशाचं दुकान म्हटलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कसे किलो?" मी उभा जन्म रंगीत मासे विकले आणि उभा जन्म हा प्रश्न ऐकला. सुरुवातीला समजावून सांगायची, की हे खायचे नाहीत, बघायचे आहेत. मग गिऱ्हाईक माझ्याकडेच बघत राहायचं. "नुस्ते बघायचे? मंग पोटाला काय?" पुढं पुढं मी सरळ सांगायला लागले, "दादा, हा नगावर जातो. एका नगात तुमच्या ताटाचा कोपराबी भरायचा न्हाई. मंडईत जा."

त्यांचा तरी काय दोष? मी स्वतः सिद्धेश्वरची. धरणावर वडलांची होडी होती. आमच्या घरी मासा पाळायचा म्हणजे रस्सा होईपर्यंत टोपलीत ठेवायचा. लग्न होऊन हिंगोलीत आले तर नवऱ्याचं हे दुकान, काचेच्या टाक्यांचं. माहेरी सांगितलं तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आपण माशाला खाऊ घालायचं? उलटंच झालं की गं सारं!" नवरा गेला, दुकान माझ्याकडे आलं. आता गुडघे बोलायला लागले म्हणून लेक चालवते. मी फक्त एका घरी जाते, डोंगरकड्याला, आणि त्याच घराची हकिकत सांगायला बसले आहे.

त्याआधी धंद्यातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मासा विकणं सोपं असतं. कुठला मासा कुणाच्या शेजारी सोडायचा, हे अवघड. पुसेगावचे एक गृहस्थ माझ्याकडून गप्पी मासे घेऊन गेले. गप्पी म्हणजे नखाएवढी रंगीत पिल्लावळ, लेकरांना आवडणारी. आठवड्यात परत आले, तोंड हे एवढं.

"मावशी, तुमचे मासे भित्रे निघाले. रातोरात पळून गेले."

"टाकीत दुसरं काई सोडलं होतं का?"

"काई न्हाई. मेव्हण्यानं धरणावरून एक मरळ आणली व्हती. बिचारी एकटी पडंल म्हणून तिला बी त्यांच्यात सोडलं."

"आन् मरळ कुठं हाय?"

"हाय की! मजेत हाय. जरा अंगानं भरली."

मी पुष्कळ समजावलं, पण त्यांचा मरळीवर फार विश्वास. अजूनही रस्त्यात भेटले की मी भित्रे मासे विकते असंच त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

तेव्हापासून मी दुकानात एक नियम केला. जावई बघताना कमाई विचारतात, मासा बघताना भूक विचारायची. काय खातो? किती खातो? आणि ते संपलं की मग काय खाणार? हा तिसरा प्रश्न कुणाला सुचत नाही, आणि सगळी रामायणं तिथंच सुरू होतात.

डोंगरकड्याचे नाना म्हणजे हळद-केळीचे मोठे बागायतदार. गळ्यात तुळशीची माळ. घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद आणि मास-मच्छीचं नाव बाराही महिने बंद. एकादशीला बैठकीत हरिपाठ. नानी जाऊन बरीच वर्षं झालेली. अशा घरात त्यांच्या मुलानं वेंगुर्ल्याची सून आणली, रेवती. पुण्यात दोघं एकत्र शिकत होते, तिथं जमलं. लग्नाआधीच तिनं मासे सोडले, म्हणजे जन्मभराचं जेवणच सोडलं. मी मासे खाणाऱ्यांतली आहे म्हणून सांगते, हा त्याग लहान नाही. ते तिनं हसत केलं. पण पहिल्या उन्हाळ्यात मुलगी मिटत चालली. नवरा सोलर पंपांच्या कामानं जिल्हाभर फिरणारा. त्याला दुसरं काही सुचलं नाही, तो सरळ माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मावशी, घरात समुद्र बसवता येतो का?"

"येतो," मी म्हटलं, "पण तो दुभत्या म्हशीपेक्षा जास्त राबवून घेतो."

खोटं नव्हतं ते. गोड्या पाण्यातले मासे सोशिक. एखादा दिवस विसरलात तरी रुसत नाहीत. खाऱ्या पाण्याची टाकी मात्र खाष्ट सासूसारखी, एक दिवस विसरलात की रुसली. पाणी आरओचंच पाहिजे. मीठ किराणातलं चालत नाही, समुद्राच्या टाक्यांसाठी वेगळं तयार मिळतं, ते मापानं घालायचं. रोज पाणी उडतं, मीठ तेवढंच राहतं, की खारटपणा चढला. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की आतली हवा संपली. आमच्याकडे लाईट कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मुलानं आधी इन्व्हर्टर बसवला, मग टाकी. तीन फुटी. त्यात समुद्रातल्यासारखे दगड, नारिंगी जोकर माशांची एक जोडी आणि दगडावर चिकटून वाढणारी जांभळी बटणं. ही बटणं म्हणजे पोवळ्यांच्याच गणगोतातला जीव. कडक पोवळ्यांना कायद्यानं हात लावता येत नाही आणि लावूही नये. ही मऊ असतात. उजेड पडला की शर्टाच्या बटणाएवढी फुलं उघडतात, त्रास झाला की मिटतात.

नानांनी टाकी बैठकीत ठेवू दिली ती एका अटीवर. "आत काई बी मेलेलं टाकायचं न्हाई. दाणे खातील तर ऱ्हातील."

जोकर दाणे खातात, त्यामुळे अट निभावली. ते दाणे कशाच्या पिठाचे असतात हे डबीवर बारीक इंग्रजीत छापलेलं असतं, ते मी वाचून दाखवलं नाही. कुणी विचारलं नाही. धंद्यात न विचारलेल्याचं उत्तर देणं म्हणजे उधळपट्टी.

मी पाणी तपासायला जायची तेव्हा नाना पोथी घेऊन बसलेले असायचे. पोथी मांडीवर, डोळे टाकीत. माझी चाहूल लागली की पान उलटायचे. "किती लाईट खाऊन राहिली ही टाकी!" असं करवादायचे आणि खुर्ची टाकीकडे अजून एक वीत सरकवायचे.

एक दिवस रेवतीचा फोन आला. "मावशी, बटणं उघडतच नाहीत. आणि दगडावर काहीतरी उगवलंय."

गेले. बघितलं. दगडाच्या खाचेतून काचेसारखी पारदर्शक, तपकिरी झाक असलेली चार-पाच फुलं डोलत होती. बघायला इतकी गोजिरी, की नवखा माणूस फोटो काढतो. इंग्रजीत तिला ऐप्टेशिया म्हणतात, मी काचफूल म्हणते. नव्या दगडाबरोबर चोरून येतं. ते फूल नव्हे, प्राणी आहे. त्याच्या पाकळ्यांना बारीक विखार असतो. शेजारच्या बटणांना डंख मारतं, जागा बळकावतं, आणि बटणं मिटून मिटून एक दिवस कायमची जातात.

रेवती टाकीसमोर जमिनीवर बसली होती. मी सांगितलेलं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, इथे आल्यावर मी अबोली लावली, ती जळली. सुरंगीचं रोप आणलं, ते दुसऱ्या महिन्यात गेलं. माझ्या हातानं लागलेलं हे एकच आहे. हे गेलं तर तुम्ही टाकी घेऊन जा. पुन्हा नाही मांडायची मला."

मला गलबलून आलं. गलबलून आलं की मी कामाला लागते. सिरिंज काढली. काचफुलाला मारायचा घरगुती उपाय म्हणजे चुना, पानाला लावतात तोच, शुद्ध असला की झालं. पातळ पेस्ट करून बरोबर त्याच्या तोंडात सोडायची. दिसत होती त्यांचा बंदोबस्त केला. निघताना तिला बजावलं, की नवं दिसलं तर मला फोन करायचा, उपटायचं मात्र नाही. नाना तेव्हा मळ्यात होते.

पुढच्या खेपेला गेले आणि दारातच थबकले. दगडांवर, काचेवर, पंपाच्या जाळीवर, जिथं बघावं तिथं काचफुलं! बटणांचा दगड मुठीसारखा आवळलेला.

"मी हात नाही लावला मावशी, शप्पथ," रेवती रडकुंडीला आली.

नाना खुर्चीत बसून छताकडे बघत होते. आमच्या जिल्ह्यात छताकडे बघण्यासारखं काही असतं असं मला वाटत नाही. म्हणून मी नानांकडे नीट बघितलं. पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या बाहीवर कोपरापर्यंत खरखरीत मिठाची रेघ वाळलेली होती.

मी रेवतीला म्हटलं, "पोरी, च्या टाक." ती आत गेली.

"नाना, खुरपं कुठं हाय?"

"कोणतं खुरपं?"

"बाहीवर मीठ वाळलंय तुमच्या."

नानांनी बाही बघितली. मग उठले, देवाच्या तसबिरीमागं हात घातला आणि खुरपं काढलं. नवं कोरं, लहानगं, राखेनं लखलखीत घासलेलं. बाजारातून खास टाकीसाठी आणलेलं!

"सारी हयात हळदीत तण काढलं म्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ह्या टीचभर टाकीचं काय अवघड, म्हणलं. पोरगी रोज तोंड पाडून बसून राहिली व्हती. बघवंना. ती आंघोळीला गेली की बसायचो निंदत."

"नाना, हळदीत लव्हाळा असतो. वरून उपटला तर काय व्हतंय?"

"खाली गाठ ऱ्हाते. एकाचे धा व्हतेत."

"ह्ये लव्हाळ्याच्या वरताण हाय. इवलासा तुकडा ऱ्हायला, की तेवढ्याचं नवं."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग टाकीकडे. "म्हंजे म्या खुरपणी न्हाई, पेरणी केली?"

"व्हय. लई दणक्यात."

हसू येत होतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून दाबलं. स्वयंपाकघरात कपांचा आवाज झाला तसे ते घाईनं म्हणाले, "पोरीला सांगू नका, बाई."

चहा आला. मी म्हटलं, "पोरी, ही जात हाय फैलावणारी. कुणाचा काई दोष न्हाई." नानांनी एका घोटात कप रिकामा केला.

आता चुन्याचं काम राहिलं नव्हतं. ही फौज खाणारा मासाच पाहिजे होता. आणि लहान टाकीसाठी असा मासा निवडणं म्हणजे एका खोलीच्या घरात घरजावई आणणं. मी मोबाईलवर तीन मासे काढले. नाना, रेवती आणि मी, असा बैठकीत बघण्याचा कार्यक्रम झाला.

पहिला लांब चोचीचा, चांदीवर तांबूस पट्टे, बघतच राहावं असा. रेवती म्हणाली, "कित्ती सुंदर!"

"सुंदर हाय," मी म्हटलं, "पण ह्याला वाडा लागतो. तीन फुटांत घुसमटंल. आन् खाण्याचे नखरे येवढे, की कितीक तर उपाशी मरतेत, पण समोरचं खात न्हाईत."

"थोरामोठ्याचं लाडावलेलं पोरगं," नाना म्हणाले. "फुडं दाखवा."

दुसरा सहा पट्ट्यांचा, चपळ, जांभळा-नारिंगी. रेवती म्हणाली, "मावशी, मोबाईलवर कीड म्हटलं की सगळे हाच सांगतात."

"ते बारीक किड्यांसाठी. काचफुलाला हा ढुंकून बघत न्हाई. आन् लहान टाकीत दादागिरी करतो. नंतर कुणी नवीन आला, की त्याचा पिच्छा पुरवतो."

"कामाचा न्हाई आन् रुबाब जादा," नाना म्हणाले. "असले गावात हायेत की, घरात कशाला?"

रेवती हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी, कारण नानांनी लगेच माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं.

तिसरा बोटभर लांबीचा, चपटा, वाळक्या पाल्याच्या रंगाचा. डोळे वर, तोंड पुढं काढलेलं, पाठीवर एक काटा. फाइलफिश. अंग कानशीसारखं खरखरीत, म्हणून मी त्याला कानशा म्हणते. रेवतीचा चेहरा पडला. मुलगा बघायला आला आणि त्याचा मामाच पुढं येऊन बसला, असा.

"दिसायला असा हाय," मी म्हटलं, "पण काचफूल आवडीनं खातो. गरीब हाय, भित्रा हाय, कुणाला तरास न्हाई. खातोच खातो, असं मात्र मी लिहून देणार न्हाई. समद्यांची जीभ सारखी नसती. आन् भूक लागली तर बटणांना बी टोचा मारतो."

"तण खातो?" नाना पुढं सरकले. "निस्तं तण?"

"मुख्य तेच."

"मंग तर माळकरीच हाय की! आणा."

"नाना, तण संपल्यावर काय? दाणे हा सहसा घेत न्हाई. झिंग्याचा चुरा लागंल, बर्फात ठेवलेला."

"ते तवाचं तवा बघू," नाना म्हणाले. लग्न जमवायच्या घाईत असलेल्या माणसापुढं तिसरा प्रश्न टिकत नाही, हे मी तेव्हाही ओळखून होते.

कानशा मुंबईहून आला. आमचे मासे प्रवास कसे करतात ते कुणाला सांगून पटत नाही. पिशवीत पाणी आणि प्राणवायू, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोकं ट्रॅव्हल्सच्या डिकीत, कुणाच्या तरी लग्नाच्या बस्त्याशेजारी. पहाटे नांदेड रस्त्यावर उभं राहून उतरवून घ्यायचं. मी त्याला आधी दुकानात ठेवलं. आल्या आल्या दुसऱ्याच्या घरात सोडायचा नाही, हाही माझा नियम. माझ्याकडे काचफुलं लागलेला एक दगड होता, तो पुढं ठेवला. दिवसभर कानशानं त्याच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी दगड स्वच्छ. दाणे टाकले ते तोंडात घेतले, चघळले आणि माझ्या दिशेनं थुंकले.

डोंगरकड्याला सोडला तर पंपामागं जाऊन उभा. हलेना. एकादशी आली, हरिपाठाची मंडळी आली. टाळ बाजूला ठेवून सगळे टाकीला नाकं लावून उभे.

"नाना, नवीन मासा कुठं हाय?"

"हाय. आतल्या खोलीत हाय. लाजून राहिला."

बटणं तशीच मिटलेली. रेवतीनं फोनवर बोलणं कमी केलं. मी विचारायची, "खाल्लं का?" ती म्हणायची, "नाही हो." आणि मग एका सकाळी फोन वाजला. तिचा नव्हता.

"बाई! खाल्लं! बुडख्यासकट खाल्लं! जरा बी तुकडा खाली सांडला न्हाई. अशी निंदणी म्या उभ्या जन्मात पाह्यली न्हाई!"

मग नाना रोज बातमी द्यायला लागले. आज काच झाली. आज डावा कोपरा झाला. कानशा धिटावला. नाना खुर्चीत बसले की तो काचेपाशी येऊन बघायचा. रेवती सांगायची, दोघं एकमेकांकडे तास तास बघत बसतात, कोण कुणाला पाळतंय तेच कळत नाही. आणि एका दुपारी तिनं फोटो पाठवला. जांभळी बटणं उघडली होती. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं, 'मावशी, बघा.'

इथं गोष्ट संपली असती तर मी सांगायला बसले नसते. तण संपलं. कानशाची भूक संपली नव्हती. रेवतीचा फोन आला, आवाज दबका. "मावशी, आज त्यानं बटणाला टोचा मारला."

"झिंग्याचा चुरा द्यावा लागंल."

"ते नाही होणार. नानांनी माझ्यासाठी एवढं केलं. आता फ्रिजमध्ये झिंगा ठेवा, असं मी त्यांना नाही सांगणार. त्यांना न सांगता तर मुळीच नाही. तुम्ही मासा घेऊन जा."

"आन् खाचेत ऱ्हायलेलं काचफूल पुन्हा वर आलं तर?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं. मासा ठेवला तर बटणं मासा खाणार, मासा नेला तर काचफूल.

मी रिकामं खोकं घेऊन निघाले. खरं सांगते, त्या दिवशी बसमध्ये मला माझ्या धंद्याचाच राग आला होता. फाटकातच नाना भेटले. खोकं बघून म्हणाले, "त्याला न्यायला आलात व्हय? आधी मागं चला."

मला त्यांनी परसात नेलं. न्हाणीघराच्या खिडकीत, सकाळचं ऊन येईल अशा बेतानं, काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत खारं पाणी, हवेची बारीक नळी, तळाशी दगड. आणि दगडांवर, बरणी बरणीत, तरारून आलेली काचफुलं!

मी बघतच राहिले. सगळी दुनिया ज्याला मारायला धावते, त्याची या माणसानं बाग लावली होती.

"ह्ये कुठनं आणलं, नाना?"

"आणतो कुठनं? कानशा खाऊन राहिला व्हता, तवाच एक दगूड काढून ठिवला. शेतकरी बियाणं मागं न ठिवता समदं खाऊ देतो व्हय?" त्यांनी खुरपं दाखवलं. "तुमीच म्हणलात, तुकड्याला नवं येतंय. म्हणलं, मंग पेरूच. तण हाय. तण खाऊन मासा जगला तर घरात झिंगा येत न्हाई, पोरीचं बटण बी ऱ्हातंय."

मी पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. मग त्यांनी एक दगड उचलून टाकीत नेऊन ठेवला. कानशा तीरासारखा आला. बटणांकडे त्यानं बघितलंही नाही. रेवती दारात उभी होती. तिला बरण्यांचा पत्ताच नव्हता. ती सासऱ्यांकडे बघून रडायला लागली आणि नाना घाबरून "काहून? काहून? मीठ जादा झालं का?" असं मला विचारायला लागले.

माझं खोकं रिकामंच परत आलं. नानांची शेती तेव्हापासून चालू आहे. दर काही दिवसांनी एक दगड टाकीत जातो, दुसरा बरणीत तयार होतो. एकादशीला कानशाला उपास असतो. एक दिवसानं माशाचं काही बिघडत नाही, म्हणून मी बोलत नाही.

त्या दिवशी निघताना रेवतीनं मला ओट्यापाशी ओढलं. "मावशी, ते झाड नाही, जीव आहे, हे नानांना कधी कळू देऊ नका हं. तण समजून करतायत, करू देत. माझ्यापायी त्यांचा नेम मोडायला नको."

मी शब्द दिला.

पुढच्या खेपेला रेवती मंडईला गेली होती. मी परसात पाण्याचा खारटपणा मोजत होते. नाना दाण्याचा चुरा करून बरणीत सोडत होते. एका काचफुलानं कण पकडला, पाकळ्या आत ओढल्या आणि गिळला. मी मान दुसरीकडे वळवली. नाना शांतपणे म्हणाले, "बघा की, बाई. मला दिसतंय ते."

"लाजाळूबी मिटती, नाना," मी उगाच म्हटलं.

"लाजाळू लाजती. घास गिळत न्हाई. म्या पहिल्या दिशी टाकीत हात घातला, तवाच त्यानं अंग चोरलं. तण अंग चोरत न्हाई. म्या तवाच जाणलं, जीव हाय." त्यांनी बोटं धोतराला पुसली. "ह्येचं काय असंल ते माझं मी वर जाऊन सांगीन. तुमी पोरीला बोलू नका. तिला वाटतंय म्हाताऱ्याला ठावं न्हाई. तिला कळलं तर ती आजच मासा परत धाडंल. मासळी सोडून आली पोरगी ह्या घरात. तिला अजून काय सोडाया लावू?"

फाटक वाजलं. रेवती भाजीची पिशवी घेऊन परसात आली. नानांनी एक दगड बाहेर काढला, खुरपं हातात घेतलं. कापायच्या आधी खुरपं खाली ठेवलं, दगडापुढं दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलले.

"नाना," रेवती हसत म्हणाली, पण माझ्याकडे बघत, "तणाला कुणी हात जोडतं का?"

"पोसतंय ते आपल्याला, पोरी," नाना म्हणाले आणि खुरपं उचललं. "जे पोसतंय त्याला जोडावेत."

रेवतीनं पिशवी खाली ठेवली आणि तीही हात जोडून त्यांच्या शेजारी उभी राहिली.